कानात सांगितलेला भाव

३१ डिसेंबरच्या रात्री बारा वाजता मोटारसायकलींच्या दुकानात काय घडते? वस्तुतः काहीच घडत नाही. काचेआड उभ्या असलेल्या गाड्यांपैकी एकीचाही खिळा ढिला होत नाही, एकीच्याही टाकीवर ओरखडा उमटत नाही. तथापि सकाळी दार उघडते तेव्हा त्यांतील प्रत्येक गाडी एका वर्षाने जुनी झालेली असते. काल जी ‘या वर्षाची’ होती ती आज ‘गेल्या वर्षाची’ झाली, आणि तेवढ्यावरून तिची किंमत काही हजारांनी उतरली. न चालता, न मळता, न वापरता वस्तू जुनी होते हा चमत्कार अन्य कोठे फारसा पाहावयास मिळत नाही.

आम्हां सरकारी नोकरांना मात्र त्याचे नवल वाटू नये. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कारकून आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो आणि २ तारखेला जन्मलेला आणखी जवळजवळ महिनाभर खुर्चीवर राहतो. ३० जून रोजी निवृत्त होणाऱ्यास १ जुलैची वेतनवाढ द्यावयाची की नाही, हा एका दिवसाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२३ साली नोकरांच्या बाजूने सुटला. कागदावरचे वय आणि देहाचे वय यांचा मेळ नसतो हे ज्याने सेवापुस्तक पाहिले आहे त्यास शिकवावे लागत नाही. मोटारसायकलीचे सेवापुस्तक म्हणजे तिचे नोंदणीपत्र. तीत उत्पादनाचा महिना आणि वर्ष ही दोन्ही लिहिलेली असतात, आणि चासीवर कोरलेल्या सतरा चिन्हांतही ती दडलेली असतात. पाच वर्षांनी गाडी विकावयास काढली म्हणजे घेणारा प्रथम तेच पाहतो. आपण ती जानेवारीत घेतली, हे सांगून तो ऐकत नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्हांस अशी एक गतवर्षीची गाडी घेण्याचा योग आला. व्यवहार लहान, परंतु त्यातून एक प्रश्न निघाला आणि तो काही केल्या मनातून जाईना. भाव करणे, ज्यास आपल्याकडे घासाघीस असे अर्थपूर्ण नाव आहे, ते नीतीस धरून आहे काय? आणि असेल, तर कोठपर्यंत?

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की गतवर्षीच्या गाडीवर मिळणारी सारी सूट एका जातीची नसते. तीत दोन निराळ्या गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात. पहिली गोष्ट गाडीची स्वतःची. तिची बॅटरी महिनोन्‌महिने पडून आहे, तिचे टायर एकाच जागी भार सोसत उभे आहेत, आणि पुढे विकताना ती वर्षाने जुनी गणली जाणार आहे. हा तोटा खरा आहे, तो घेणाऱ्याच्या पदरी पडणार आहे, म्हणून तेवढी किंमत कमी होणे हा गाडीचा गुणधर्मच म्हणावयास हवा. विमेकऱ्यांपाशी घसाऱ्याचे कोष्टक असते: सहा महिन्यांपर्यंत शेकडा ५, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, आणि याप्रमाणे पाच वर्षांपर्यंत ५०. परंतु हे कोष्टक रस्त्यावर धावणाऱ्या गाडीसाठी आहे. दुकानात उभ्या असलेल्या गाडीचे वय मोजण्याचे कोष्टक कोणी केलेले नाही, आणि जेथे कोष्टक नाही तेथे घासाघिशीला वाव मिळतो. या पहिल्या सुटीस आपण ‘हक्काची सूट’ म्हणू.

दुसरी गोष्ट गाडीची नव्हे, दुकानदाराची. त्याने माल बहुधा बँकेच्या पैशावर उचललेला असतो. गाडी उभी आहे तोवर व्याज चालू आहे. त्यातून या प्रांती ‘खरमास’ नावाचे एक संकट आहे. डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत येथील लोक लग्न करीत नाहीत, घरात शिरत नाहीत आणि वाहनही घेत नाहीत. आपल्याकडे पौषाला जे म्हणतात तेच. म्हणजे ज्या पंधरवड्यात साल बदलून गाड्या शिळ्या होतात, नेमक्या त्याच पंधरवड्यात गिऱ्हाईक दुकानाकडे पाठ फिरवते. अशा वेळी दुकानदार अडलेला असतो, आणि अडला हरी कोणाचे पाय धरतो ते आपणांस ठाऊक आहे. त्याच्या या अडचणीतून जी सूट पिळून काढता येते, ती दुसरी. तिला ‘कौशल्याची सूट’ म्हणावे.

आता खरा पेच येथे आहे. हक्काच्या सुटीविषयी कोणाचाही आक्षेप नसावा. परंतु दुसऱ्याच्या अडचणीवर आपल्या जिभेच्या जोराने काही हजार रुपये कमी करून घेणे, हे चातुर्य समजावे की लबाडी?

आमच्या कचेरीत हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे. सरकारसाठी दहा टेबले घ्यावयाची झाली तरी निविदा मागवावी लागते. आणि ती उघडल्यावर बोली लावणाऱ्यांशी भावाची बोलणी करण्यास २०१७ चे सामान्य वित्तीय नियम आणि केंद्रीय दक्षता आयोगाची परिपत्रके अगदी निकराने मनाई करतात. अपवाद म्हणून केलीच, तर ती सर्वांत कमी भाव देणाऱ्याशीच करावी आणि कारणे फायलीवर लिहावीत. जो कारकून दुकानदारास बाजूला घेऊन ‘आणखी थोडे सोडा’ म्हणेल त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते, मग त्यात सरकारचे पैसे वाचत का असेनात. तोच कारकून सायंकाळी अमीनाबादेत चिकनचा कुर्ता घेताना सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासून सुरुवात करतो, आणि न करील तर बावळट ठरतो. दिवसा जो दोष, तो रात्री गुण. असे का असावे? परक्याच्या पैशाने कुजबूज करणे वाईट आणि स्वतःच्या पैशाने ती करणे चांगले, एवढे उत्तर पुरते असे आम्हांस वाटत नाही. कुजबुजीत काही दोष असेल तर तो पैसा कोणाचा यावर अवलंबून का राहावा?

शिवाय आमची स्वतःची किंमत पाहा. सातव्या वेतन आयोगाने १ जानेवारी २०१६ पासून जे कोष्टक लावून दिले त्यात चौथ्या स्तराचा आरंभ २५,५०० रुपयांवर होतो. तो वाक्पटूसही तेवढाच आणि मुक्यासही तेवढाच. आम्ही कधी कोणत्याही साहेबापुढे बसून स्वतःचा भाव ठरविलेला नाही. ज्यांचा जन्म एकच भावावर गेला त्यांना बाजारात उतरल्यावर थोडे अवघडल्यासारखे होते हे कबूल केले पाहिजे; आणि त्याचबरोबर थोडी मौजही वाटते. गावी फोन केला तर मातोश्री गाडी केवढ्याला पडली हे विचारीत नाहीत. ‘किती कमी केले?’ हा त्यांचा पहिला प्रश्न.

भाव करणे नेहमीच शक्य असते असेही नाही. ज्या पिढीने स्कूटरसाठी नंबर लावले त्या पिढीस विचारावे. आकुर्डीची बजाज स्कूटर मिळण्यास आठ-आठ, दहा-दहा वर्षे लागत, आणि ती हाती आली की दुसऱ्या दिवशी ती विकत घेतल्यापेक्षा अधिक पैशांस विकता येई. म्हणजे जुनी गाडी नव्याहून महाग! येथे लखनौतही सरकारने १९७२ साली ‘स्कूटर्स इंडिया’ हा कारखाना काढला. मिलानच्या इन्नोचेंती कंपनीची लँब्रेटा बनविण्याची सारी सामग्री विकत घेऊन ती कानपूर रस्त्यावरील सरोजिनीनगरात आणून बसविली. ‘विजय सुपर’ तेथून निघाली, ‘विक्रम’ ही तीनचाकीही तेथलीच. या कारखान्यास टाळे लावण्याचा निर्णय सरकारने २०२१ च्या आरंभी घेतला. त्या टंचाईच्या काळात दुकानदारासमोर कोणी घासाघीस करीत नसे. लोक ओळख काढीत, चिठ्ठी आणीत, हात जोडीत. तात्पर्य, भाव करता येणे ही सुबत्तेची खूण आहे. दोन्ही पक्ष उठून जाऊ शकतात तेव्हाच भाव होतो. ज्यास उठून जाता येत नाही तो भाव करीत नाही, याचना करतो. ज्यांना घासाघीस मूलतःच हीन वाटते त्यांनी हे ध्यानी घ्यावे.

उलट बाजूचे उदाहरण २०१७ चे. त्या वर्षी २९ मार्चला, बुधवारी, सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की १ एप्रिलपासून बीएस-३ मानकाची वाहने देशात विकता येणार नाहीत. लोकांचे आरोग्य हे उत्पादकांच्या व्यापारी हिताहून कितीतरी मोठे आहे, असा त्यामागचा विचार होता. देशभर मिळून ८.२४ लाख वाहने विकावयाची राहिली होती, त्यांपैकी ६.७१ लाख दुचाकी. हाती दिवस दोन. मग जे झाले ते अनेकांना आठवत असेल. साडेबारा हजारांपासून बावीस हजारांपर्यंत सुटीच्या घोषणा झाल्या, दुकानांपुढे रांगा लागल्या, कोठे कोठे माल संपून दारे लावावी लागली. या प्रसंगी घासाघीस मुळीच झाली नाही. सूट उघड होती, कंपनीने जाहीर केलेली होती, पहिल्या गिऱ्हाइकास जी मिळाली तीच शंभराव्यास. व्यवहार म्हणून तो स्वच्छच म्हणावा लागेल.

तरी त्यात एक काटा होता. ती वाहने स्वस्त का झाली? कारण त्यांचा धूर अधिक घातक आहे असे देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने ठरविले म्हणून. दोन दिवसांत ज्याने ती घेतली त्याने कायदा मोडला नाही. ३१ मार्चपर्यंत विकलेल्या गाडीची नोंदणी करण्यास न्यायालयानेच मुभा ठेवली होती. परंतु बावीस हजार रुपये जे वाचले ते नेमके कोणाच्या खिशातून आले? काही कंपनीच्या, हे खरे. पण ती गाडी पुढे दहा-पंधरा वर्षे ज्या गल्लीतून जाणार त्या गल्लीतील पोरांच्या फुप्फुसांनीही त्यात वर्गणी घातली. जानेवारीच्या सकाळी लखनौच्या धुक्यात ज्याने श्वास घेतला आहे त्यास ही अतिशयोक्ती वाटणार नाही. व्यवहार दोघांत होतो आणि त्याचा भार तिसऱ्यावर पडतो, हे येथे प्रथम आमच्या लक्षात आले. आपल्या प्रश्नाचे उत्तर या तिसऱ्या माणसापाशीच असावे, असा संशय तेव्हापासून बळावत गेला.

जुन्यांनी या विषयाचा पुष्कळ विचार केला आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात व्यापाऱ्याचा नफाच बांधून टाकला: देशी मालावर शेकडा ५, परदेशी मालावर १०, अधिक घेईल त्यास दंड. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्यास धर्म शिकण्यासाठी काशीच्या तुलाधार वाण्याकडे जावे लागते, आणि त्या वाण्याची सारी प्रौढी इतकीच की आपली तागडी सर्वांसाठी सारखी आहे. तपस्व्याने वाण्यापाशी शिकावे ही कल्पना आम्हांस फार आवडते. परंतु तागडीने वजन सारखे राहील, भावाचे काय, हे काही तेथे पुरतेपणी उलगडत नाही.

त्याहून आमच्या प्रश्नास जवळचे उदाहरण रोमन पंडित सिसेरो याने ख्रिस्तपूर्व ४४ साली आपल्या मुलास उद्देशून लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन तेथे पोहोचतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याने वाटेत पाहिले आहे. त्याने ते लोकांस सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने आपले धान्य विकावे? डायोजीनस म्हणतो, मी माल आणला आहे, त्यात खोट नाही, भाव इतरांहून जास्त नाही. न सांगणे म्हणजे लपविणे नव्हे. अँटिपेटर म्हणतो, माणसांचे हित साधण्यासाठी तू जन्मास आलास, आणि समोर एवढी विपुलता येत असता ती त्यांच्यापासून लपवतोस? सिसेरोचा कौल अँटिपेटरकडे आहे. आपल्या ठाऊक असलेल्या गोष्टीने दुसऱ्याचे हित होणार असता, स्वतःच्या लाभासाठी त्यास ती कळू न देणे, यास तो लपविणेच म्हणतो.

आपल्याकडे ही जहाजे नुकतीच सर्वांना दिसली. २०२५ च्या सप्टेंबरात वस्तू व सेवा कर परिषदेने ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील कर शेकडा २८ वरून १८ वर आणला. निर्णय ३ तारखेस जाहीर झाला, अंमल २२ पासून. मधल्या दिवसांत शहाणे गिऱ्हाईक दुकानाकडे फिरकले नाही. सारे ऱ्होड्स बंदरावर उभे राहून जहाजांची वाट पाहत होते. ज्ञान सर्वांपाशी सारखे असले की लबाडीस जागाच उरत नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते. प्रश्न उरतो तो ज्ञान सारखे नसेल तेव्हाचा.

तसा प्रसंग आमच्यावर आला तो असा. जानेवारीचा पहिला आठवडा. खरमासाची आम्हांस बाधा नव्हती, सबब दुकान जवळजवळ मोकळेच सापडले. आम्हांस हव्या असलेल्या गाडीचे तीन नग आदल्या वर्षाच्या मे महिन्यातले होते; चासीचा आकडा पाहून आम्ही ते ओळखले आणि विक्रेत्यासही ते नाकारता आले नाही. हा विक्रेता पंचविशीचा, गळ्यात टाय, बोलण्यात येथील ती सुप्रसिद्ध अदब. छापील किंमत १,१८,००० रुपये. आम्ही घसाऱ्याचा हिशेब मांडला, टायरांचा मांडला, पुढील विक्रीचा मांडला. त्याने चहा मागविला. लखनौत भाव करणे म्हणजे भांडण नव्हे, ती एक बैठक असते. दोन्ही पक्ष एकमेकांची स्तुती करीत करीत हजार-हजारांनी जवळ येतात. अखेर त्याने कोटेशनचा कागद बाजूस सारला, आपल्या कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीने ९,००० हा आकडा लिहिला, कार्ड पुढे सरकविले आणि आवाज खाली आणून म्हटले, ‘सर, यह सिर्फ़ आपके लिए। किसी से कहिएगा नहीं।’

शेजारच्या टेबलाशी मलिहाबादेकडील एक वृद्ध गृहस्थ बसले होते. खांद्यावर गमछा, हातात कापडी पिशवी. मुलीच्या लग्नात जावयास द्यावयाची म्हणून तीच गाडी, त्याच तीन नगांतली, ते आज पैसे भरून ठेवणार होते आणि खरमास उतरल्यावर नेणार होते. (हुंडा १९६१ च्या कायद्याने बंद झाला आहे, ते प्रकरण निराळे आणि त्यावर दुसरा निबंध होईल.) त्यांना सांगितलेली किंमत पूर्ण १,१८,००० होती. त्यांनी एका शब्दाने हरकत घेतली नाही.

हा तो तिसरा माणूस. कार्डावरील पेन्सिलीचा आकडा आणि त्या टेबलावर मोजल्या जाणाऱ्या नोटा यांच्यामध्ये चार फुटांचे अंतर होते. विक्रेत्याच्या महिन्याच्या हिशेबात आमचे नऊ हजार कोठून तरी भरून यावयाचे होते, आणि ते कोठून भरून येत होते हे डोळ्यांसमोर दिसत होते. घासाघीस ही गिऱ्हाईक आणि दुकानदार यांची कुस्ती आहे असे आपण समजतो. पुष्कळदा ती बोलक्या गिऱ्हाइकाने अबोल गिऱ्हाइकाकडून घेतलेली वसुली असते. दुकानदार केवळ मधला दलाल. ‘कोणास सांगू नका’ या शब्दांचा अर्थ आमच्या लेखी एवढाच होता की ही वसुली त्यास कळू देऊ नका.

आम्ही विक्रेत्यास म्हटले की भाव आम्हांस मान्य आहे, परंतु कोणी विचारले तर आम्ही तो सांगू. तो हसला. मग हसेनासा झाला. आत जाऊन व्यवस्थापकांस घेऊन आला. ते सभ्य गृहस्थ होते. त्यांनी शांतपणे सांगितले की सांगावयाचा भाव निराळा असतो. तो ७,००० सुटीचा, आणि तो कोटेशनवर लिहून मिळेल. म्हणजे आमच्या मौनाची बाजारातील किंमत रोख दोन हजार रुपये होती. आम्ही लिहिलेला भाव घेतला, आणि आकडा पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली, तो थोड्या मोठ्या आवाजात.

येथवर आमचे तर्कशास्त्र बिनचूक चालले होते. परंतु वृद्ध गृहस्थांनी ते ऐकले, आमच्याकडे वळून पाहिले, आणि पुन्हा नोटा मोजू लागले. आम्हांस राहवले नाही. आपणही सूट मागावी, गाडी मे महिन्यातली आहे, असे आम्ही त्यांना सांगितले. ते म्हणाले, ‘बिटिया के नाम की चीज़ है, बाबूजी, इसमें क्या मोल-भाव।’ त्यांचा स्वर आमची कीव करणारा नव्हता, पण कृतज्ञही नव्हता.

या वाक्याने आमचा सारा विचार पुन्हा तपासावयास लावला. त्यांना अज्ञान नव्हते, निदान आता तरी नव्हते. त्यांनी समजून उमजून भाव केला नाही. तेव्हा त्यांच्यावर अन्याय झाला असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस काय? डायोजीनस म्हणाला असता, पाहा, सांगून काय उपयोग झाला! इंग्लंडात सतराव्या शतकात क्वेकर पंथाच्या दुकानदारांनी भाव करणे सोडले ते याच वृत्तीने: मनात एक किंमत आणि तोंडात दुसरी, हे त्यांना असत्य वाटे. म्हणून त्यांनी एकच भाव सांगावयाचा प्रघात पाडला. १८५२ पासून पॅरिसच्या ‘बाँ मार्शे’ दुकानात बुसिको याने मालावर किंमतीच्या चिठ्ठ्या लावल्या, आणि आपल्याकडे १९९० पासून वेष्टनबंद मालावर कमाल किंमत छापणे सक्तीचे झाले. मलिहाबादच्या त्या गृहस्थांनी यातले काही वाचले नसेल. पण वस्तू ज्या भावनेने घ्यावयाची त्या भावनेस घासाघीस शोभत नाही हे त्यांना कळत होते. मराठीत किंमतीलाही भाव म्हणतात आणि अंतःकरणातल्या गोष्टीलाही भावच म्हणतात. त्यांनी एक सांभाळण्यासाठी दुसरा सोडला.

मग चूक कोठे होती? आमच्या मते ती त्या दोन सुटी एकत्र कालविण्यात होती. कौशल्याची सूट त्यांनी सोडली, ती त्यांची होती, सोडण्याचा त्यांना अधिकार होता. ती बैठकीची गोष्ट आहे. ज्यास रस असेल त्याने बसावे, चहा प्यावा, हजार-पाचशे मिळवावे किंवा गमवावे. दुकानदारही कसलेला असतो, त्याच्याविषयी फार हळहळण्याचे कारण नाही. (विक्रेत्या मुलाविषयी असू शकते, एका मर्यादेपलीकडची सूट आपल्या बक्षिसातून कापली जाते असे त्याने सांगितले. म्हणून अडचण कोणाची पिळतो आहोत, मालकाची की नोकराची, हे पाहून थांबण्याइतके तारतम्य गिऱ्हाइकापाशी हवे.) परंतु हक्काची सूट मागण्यावर अवलंबून असता कामा नये. गाडी आठ महिने उभी होती हे सत्य आमच्यासाठी जितके खरे तितकेच त्यांच्यासाठी. टायर भाव करणारास निराळे आणि न करणारास निराळे झिजत नाहीत. त्या सुटीचा आकडा, मग तो चार हजार असो वा पाच, गाडीच्या हँडलला चिठ्ठी लावून टांगावयास हवा होता, जसे औषधाच्या बाटलीवर मुदत छापतात तसे. न मागणारासही जे दिले पाहिजे ते मागणाराच्या पदरात कुजबुजत टाकणे आणि त्यास त्याचे चातुर्य म्हणून गौरविणे, यात दुकानदार दोघांनाही फसवितो. एकाचे पैसे घेतो, दुसऱ्याचा विवेक.

कचेरीतील नियमाचा अर्थही आम्हांस या प्रसंगानंतर थोडा निराळा लागू लागला. दक्षता आयोगाचा राग घासाघिशीवर नसावा. बंद दाराआडच्या घासाघिशीवर असावा. निविदा उघडताना सर्व बोलीदार समोर बसू शकतात, आकडे मोठ्याने वाचले जातात. जो आकडा मोठ्याने वाचता येतो तो कितीही कमी असला तरी कोणास त्याची लाज वाटत नाही. हा नियम रुक्ष म्हणून आम्ही आजवर त्याची पुष्कळ थट्टा केली आहे आणि पुढेही करू, कारण टेबले यावयास वर्ष लागते ते लागतेच.

त्यानंतर आठवड्याभराने आमच्या शाखेतील बाराबंकीकडचे एक शिपाई तीन नगांतला उरलेला शेवटचा नग घेण्यास त्याच दुकानी गेले. स्वभावाने अत्यंत भिडस्त; भाव करणे त्यांच्याने होणे नव्हते. त्यांनी आमचे बिल मागून नेले आणि न बोलता टेबलावर ठेवले. व्यवस्थापकांनी ते उलटसुलट पाहिले, कोणी दिले म्हणून विचारले आणि सात हजार वजा करून पावती फाडली. फेब्रुवारीत आम्ही पहिल्या सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा तोच विक्रेता भेटला. त्याने अदबीने चौकशी केली, बाकावर बसविले, चहा मागविला. मलिहाबादची गाडी कधी गेली असे आम्ही विचारले. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, तो म्हणाला. म्हाताऱ्याने हार स्वतःच घरून आणला होता, आणि जाताना दुकानातील सर्वांस, झाडूवाल्यासह, प्रत्येकी एक पेढा दिला.